वेगळी अळणी भाजी कशाला?

रक्तदाबाच्या रुग्णाला मीठ कमी करायला सांगितले की सोबत आलेली त्याची बायको हमखास म्हणते, ‘‘डॉक्टर, ह्यांच्यापुरती भाजी मी वेगळी अळणी काढत जाईन.’’ गेली अठ्ठावीस वर्षे मी हे वाक्य ऐकतो आहे. त्यातली बरीच वर्षे ‘‘हो, तसंच करा’’ असे म्हणत आलो. आता म्हणत नाही. त्याचे कारण सांगतो.

बाजारपेठेत दुकान असलेले दोन भाऊ दवाखान्यात आले होते. थोरला पन्नाशीचा, दाब १७०/१००. धाकटा चव्वेचाळीसचा, सडपातळ, भावाला सोबत म्हणून आलेला. वडील अर्धांगवायूने गेले होते. तेही मी केसपेपरवर लिहून घेतले. थोरल्याला गोळी दिली, मीठ कमी करायला लावले. घर एकत्र. थोरल्याच्या पानात अळणी भाजी आणि शेजारी बसलेल्या धाकट्याच्या पानात पापड, लोणचे, खारातली मिरची, असे तीन वर्षे चालले. एके पहाटे धाकट्याला रिक्षातून आणले. उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली, दाब २१०/१२०. थोरला आजही गल्ल्यावर बसतो. धाकटा काठी घेऊन अंगणापर्यंत जातो. त्या पहिल्या दिवशी दाब मोजायचे यंत्र माझ्या टेबलावरच होते. धाकट्याच्या दंडाला पट्टी बांधायला दोन मिनिटे लागली असती. मला ते सुचले नाही.

रक्तदाब घराण्यात चालतो हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. पण वारशाने नेमके काय येते याविषयी गैरसमज फार. वडिलांची जमीन जशी मुलाच्या नावावर चढते तसा रोग आयता चढत नाही. एकाच जनुकातील दोषामुळे दाब वाढतो अशी घराणी अगदी विरळा. बाकी आपणा सर्वांच्या बाबतीत शास्त्रज्ञांना जनुकांतील हजाराहून अधिक जागा सापडल्या आहेत आणि त्यातल्या एकेकीचा वाटा एखाद्या मिलिमीटरचा किंवा त्याहूनही कमी. जुळ्यांच्या आणि कुटुंबांच्या अभ्यासांवरून, माणसामाणसांच्या दाबात जो फरक दिसतो त्याचा साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा हिस्सा आनुवंशिक मानतात. या वारशाचा एक मोठा भाग म्हणजे मूत्रपिंडांचा स्वभाव. काहींची मूत्रपिंडे जास्तीचे मीठ बिनतक्रार बाहेर टाकतात. काहींची ते धरून ठेवतात. मिठाबरोबर पाणी राहते आणि दाब चढतो.

अमेरिकेत लुईस डाल नावाच्या शास्त्रज्ञाने १९६२ साली उंदरांवर हे दाखवून दिले. खारट खाण्याने ज्यांचा दाब चढतो त्यांची आपसात पैदास केली आणि ज्यांचा चढत नाही त्यांची वेगळी. थोड्याच पिढ्यांत दोन जाती तयार झाल्या. खाणे तेच, मीठ तेवढेच. एका जातीचा दाब भडकायचा, दुसरीला काही होत नसे. पण मिठाने भडकणाऱ्या जातीला मीठ कमी दिले, तर तिचाही दाब फारसा चढत नसे. पुढे १९७४ मध्ये त्यांनी एका जातीची मूत्रपिंडे दुसरीत बसवून पाहिली, तर दाबाचा कल मूत्रपिंडाबरोबर गेला.

म्हणून ‘‘आमचे आजोबा रोज खारातल्या मिरच्या खाऊन नव्वद वर्षे जगले’’ हा युक्तिवाद मला पटत नाही. आजोबांना मीठ पचत असेल. ते दिवसभर औतामागे घामही गाळत होते. आणि तुमच्यात आजीकडचेही रक्त आहे, तिचा दाब कुणी मोजला होता?

ताणाचेही असेच आहे. १९८३ साली उत्तर कॅरोलिना विद्यापीठात तरुण मुलांना पाणी पाजून चढाओढीची, डोक्याला ताण देणारी कामे करायला लावली. ज्यांच्या आईला किंवा वडिलांना रक्तदाब होता, किंवा ज्यांचा स्वतःचा दाब काठावर होता, त्यांच्या शरीराने त्या वेळी मीठ आणि पाणी धरून ठेवले. बाकीच्यांचे तसे झाले नाही. त्या धाकट्या भावाची मुलगी सध्या स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. रात्री जागायचे आणि जागताना शेव-फरसाणाची पुडी जवळ घ्यायची. वय बावीस, दाब १३८/८८. वारसा, ताण आणि मीठ, तिन्ही एकाच टेबलाशी बसलेले.

म्हणून माझे म्हणणे असे की अळणी भाजी वेगळी काढूच नये. ज्या मुलांना बापाचे नाक मिळाले त्यांना बापाची मूत्रपिंडेही मिळालेली असू शकतात. पातेले एकच ठेवा आणि मीठ सगळ्यांचेच कमी करा. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, तेही पापड, लोणचे, खारी, फरसाण सगळे धरून. तीन-चार आठवड्यांत जीभ सरावते. सैंधव घेतले म्हणून सुटका नाही, तेही मीठच. पोटॅशियमयुक्त मीठ मिळते, आणि चीनमधील ६०० खेड्यांत झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याने पक्षाघात कमी झाल्याचे दिसले. पण मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा दाबाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका. मीठ कमी केले म्हणून चालू गोळीही परस्पर बंद करू नका.

जनुकांच्या महागड्या तपासण्यांच्या जाहिराती घेऊन हल्ली काही जण येतात. नेहमीच्या रक्तदाबासाठी त्यांची गरज नाही. आई, वडील, काका, आत्या, मामा यांपैकी कुणाला दाब होता, कुणाला लकवा मारला, हे जेवताना विचारून घ्या. पुढच्या वेळी दाखवायला याल तेव्हा भावाला, बहिणीला, अठरा वर्षांपुढच्या मुलांनाही घेऊन या. येण्याआधी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू नको. आल्यावर पाच मिनिटे बाकावर टेकून स्वस्थ बसा. सोबत आलेल्यांचा दाब मोजायचे मी पैसे घेत नाही.