परक्या नजरेतले आपण



माझे मामू बारा वर्षे जेद्दाला ड्रायव्हर होते. पहिल्याच आठवड्यात एका दुकानदाराने पाची बोटांची टोके जुळवून हात त्यांच्यापुढे हलवला. घास उचलताना आपली बोटे जुळतात, अगदी तशी. मामूंना वाटले, हा भला माणूस जेवायला बोलावतो आहे. ते खुशाल आत जाऊन बसले! ‘जरा थांब, सबुरी धर’ असा त्या खुणेचा तिकडे अर्थ होतो, हे त्यांना मागाहून कळले. दुकानदाराने मात्र हसून कहवा पाजला.

मामू आणखी एक गोष्ट सांगत. त्यांच्या खोलीत केरळचा एक ख्रिस्ती राहत असे. गावात दोघांचे धर्म वेगळे, भाषा वेगळ्या. पण तिथे दोघांनाही एकच नाव, ‘हिंदी’. अरबीत हिंदी म्हणजे हिंदुस्थानचा माणूस. परदेशात आपण कोण, हे पुष्कळदा समोरचाच ठरवून टाकतो.

दरवेळी ते कहव्यावर निभावत नाही. आनंदीबाई जोशी 1883 साली डॉक्टरी शिकायला अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. ही धर्म सोडणार, अशी इकडे कुजबुज. बंगालमधील श्रीरामपूरला जाहीर भाषण करून त्यांना सांगावे लागले की, मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. तिकडे फिलाडेल्फियाच्या कडक थंडीत त्यांची साडी आणि शाकाहार हा लोकांच्या नवलाचा विषय. त्यांच्या कॉलेजातले 1885 सालचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. साडीतल्या आनंदीबाई, जपानच्या ओकामी आणि सीरियाच्या इस्लांबुली, तिघी आपापल्या देशी पोशाखात. मला ते चित्र आवडते आणि थोडे खटकतेही. तिघी डॉक्टर व्हायला आल्या होत्या. पाहणाऱ्याची नजर आधी कपड्यांवर जाते. आनंदीबाई 1886 साली डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी वारल्या.

आता तुमच्या भाषेतले उदाहरण. मुंबईच्या अतिया फैजी 1906 साली लंडनला शिक्षिकेचे प्रशिक्षण घ्यायला गेल्या. (बी.एड.च्या वेळी मी नाशिकला जातानाही घाबरलो होतो, हे तुम्हांला म्हणून सांगतो!) डोके झाकलेले, पण चेहरा उघडा. मुसलमान बाई पडद्यातच असते, असे मानणाऱ्यांना हे कोड्यात टाकणारेच होते. पण अतियांनी फक्त लोकांच्या नजरा झेलल्या नाहीत. त्यांनीही लंडन डोळे भरून पाहिले आणि जे पाहिले ते उर्दूत लिहिले. लाहोरच्या ‘तहजीब-ए-निसवाँ’ या स्त्रियांच्या पत्रात ते छापून आले. मला यातच खरी हिंमत वाटते. कोणी आपल्याकडे टक लावून पाहिले, तर मान खाली घालायची नाही आणि भांडायचेही नाही. आपणही नीट पाहायचे.

आणि आपण काय करतो? चांदवडवरून मुंबई-आग्रा रस्ता जातो. ढाब्यावर दक्षिणेकडचा कोणताही ट्रकवाला उतरला की आपण त्याला ‘मद्रासी’ म्हणून मोकळे होतो. तो आंध्रचा की कर्नाटकचा, हे विचारायला कितीसा वेळ लागतो? विचारण्यात अपमान नाही. न विचारताच ठरवण्यात आहे.

परवा बाजारात एका कांदा व्यापाऱ्याशी बोलत होतो. तो म्हणाला, “सर, तुमचं मराठी फार छान आहे हो!” त्याने मनापासून म्हटले, तरी मला ते टोचले. माझ्या आजोबांची कबर याच गावात आहे. मी विचारले, “तुम्ही मूळचे कुठले?”

“राहुरीचा. दहा वर्षं झाली इथं येऊन.”

“मग तुमचंही मराठी छान आहे,” मी म्हणालो.

तो क्षणभर गप्प झाला. मग मोठ्याने हसला आणि पोऱ्याला म्हणाला, “दोन चहा आण रे.”