गीतांची छाननी कीं गीतकाराची विटंबना?

कै. ग. दि. माडगूळकर यांच्या गीतांवर, एका गीतास एक टिपण, अशा क्रमानें आम्ही गेले कांहीं महिने लिहीत आहों. गीत कोणत्या प्रसंगासाठीं रचलें, आधीं चाल होती कीं आधीं शब्द, कडव्यांची जुळणी कशी आहे, कोठें साधलें आणि कोठें फसलें, एवढेंच त्या टिपणांचें प्रयोजन. त्यांवर वाचकांचीं जीं पत्रें आलीं त्यांतील स्तुतीचा भाग बाजूस ठेवूं. स्तुतीला उत्तर लागत नाहीं. परंतु उरलेल्या पत्रांतून एकच आक्षेप निरनिराळ्या शब्दांत पुनःपुन्हा आलेला आहे, आणि तो इतक्या आत्मविश्वासानें आलेला आहे कीं त्याची उपेक्षा करणें सौजन्याचें ठरलें तरी प्रामाणिकपणाचें ठरणार नाहीं. आक्षेप असा कीं, ज्या गीतांनीं महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्यांचें मन घडविलें त्यांची अशी चिरफाड करणें हा गीतकाराचा अपमान आहे. गाणें ऐकावें, डोळे मिटावे आणि धन्य व्हावें!

डोळे मिटण्यास आमची हरकत नाहीं. कान तेवढे उघडे असावेत. आमच्यावर सर्वांत अधिक रागावलेल्या एका गृहस्थांनीं आपल्या भक्तीचा पुरावा म्हणून, विठ्ठलाला कुंभार कल्पून त्याच्या फिरत्या चाकाचें वर्णन करणारें एक पद उल्लेखिलें आहे, आणि ‘संत गोरोबांच्या या अभंगाची तरी चिरफाड करूं नका’ अशी विनंतीही केली आहे. तें पद गोरोबांचें नाहीं. तें १९६१ सालच्या ‘प्रपंच’ या चित्रपटासाठीं माडगूळकरांनीं लिहिलें व सुधीर फडके यांनीं स्वरबद्ध केलें. ज्यांचा अपमान होऊं नये म्हणून हे गृहस्थ धावून आले, त्यांचीच मिळकत त्यांनीं उचलून दुसऱ्याच्या पदरांत घातली! गोरोबांना तिची गरज नव्हती.

हा प्रमाद एकट्या त्या गृहस्थांचा असता तर आम्ही तो येथें मांडला नसता. त्याचें कारण खोल आहे. आमच्या संतांनीं शेवटच्या चरणांत आपलें नांव गोंविलें; शाहिरांनींही तोच परिपाठ ठेविला. अभंग तोंडोतोंडीं शेंकडों वर्षें फिरला तरी धनी कोण, हें तो स्वतःच सांगतो. चित्रपटासाठीं लिहिणाऱ्या गीतकाराला ही सोय नाहीं. त्याचें गीत पडद्यावर दुसऱ्याच्या तोंडीं, दुसऱ्याच्या गळ्यांतून, तिसऱ्याच्या चालींत बाहेर पडतें; आणि लोक तें ‘अमक्या गायकाचें गाणें’ म्हणून ओळखतात, किंवा फारच आवडलें तर संताच्या नांवावर जमा करतात. हें दुसरें कांहीं जण गौरवाचें मानतात. आम्हांस तो गौरव वाटत नाहीं. कारण असें केलें कीं गीत काय म्हणतें हेंही ऐकूं येईनासें होतें. संतही विठ्ठलाशीं भांडले, पण भांडून त्याच्याच पायांशीं बसले. या गीतांतला बोलणारा शेवटपर्यंत जाब विचारतो आणि जाब मिळण्यापूर्वींच गीत संपतें. तें विसाव्या शतकांतल्या माणसाचें बोलणें आहे. त्याला अभंग म्हटलें कीं त्यांतली ही धग विझली.

या अनामिकतेची किंमत निव्वळ कीर्तींतच मोजावी लागली असें नाहीं. मोबदला देऊन चित्रपटासाठीं लिहवून घेतलेल्या गीताचा पहिला मालक निर्माता, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयानें १९७७ सालीं दिला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत माडगूळकर निवर्तले. गीतकाराला स्वामित्वधनाचा समान वांटा मिळावा आणि तो हक्क त्याच्याकडून लिहून घेतां येऊं नये, ही दुरुस्ती कायद्यांत होण्यास २०१२ साल उजाडावें लागलें. तेव्हां कोणतें गीत कोणाचें, कोणत्या सालचें, हा प्रश्न पंडितांचा रिकामा उद्योग आहे असें म्हणणाऱ्यांनीं थोडा विचार करावा.

आतां ‘ऐकावें, वाचूं नये’ या उपदेशाकडे वळूं. ‘गीतरामायणा’च्या मूळ श्रोत्यांनीं काय केलें होतें? १ एप्रिल १९५५ रोजीं, रामनवमीस, पुणें आकाशवाणीवरून पहिलें गीत गेलें आणि पुढें आठवड्यास एक याप्रमाणें तीं वर्षभर चाललीं. त्या वर्षीं अधिक मास पडल्यामुळें संख्या छपन्नांवर गेली. रेडिओपुढें उदबत्ती लावणारे श्रोते तेच, आणि ‘आम्हांस शब्द छापून द्या’ अशी मागणी करणारेही तेच. ती मागणी इतकी झाली कीं पुण्याचीं दैनिकें त्या त्या आठवड्याचें गीत छापूं लागलीं. १९५७ सालीं सरकारी प्रकाशन विभागानें सगळीं गीतें पुस्तकरूपानें काढलीं. म्हणजे त्या पिढीला ऐकण्यानें तृप्ति झाली नव्हती. तिला कडवें डोळ्यांपुढें हवें होतें. पूजा आणि वाचन यांत तिला विरोध दिसला नाहीं. तो आजच्या भक्तांना दिसतो, आणि त्यांतील बहुतेकांना तिसरें कडवें येत नाहीं!

पत्रांतून आमच्याकडे सर्वांत अधिक कांहीं आलें असेल तर त्या आख्यायिका. पहिल्या गीताचा कागद हरवला, कवीला खोलींत कोंडलें आणि पाव तासांत गीत पुन्हा तयार झालें, ही कथा तर इतक्या हस्ताक्षरांत आली कीं आम्हांस ती पाठ झाली. कथा खरी असेल. माडगूळकरांची लेखणी जलद होती यांत शंका नाहीं. परंतु हे लोक पाव तास मोजतात आणि त्यामागचीं वर्षें मोजीत नाहींत. गीत ‘सुचलें’ म्हटलें कीं तें कसें केलें हें पाहण्याची जबाबदारी संपते.

उदाहरण घ्या. चित्रकूटावर राम भरताची समजूत घालतो त्या गीतांत समुद्रांत भेटलेल्या दोन ओंडक्यांचा दृष्टांत आहे. त्यावरील आमच्या टिपणास दोन पत्रें आलीं. एकांत, हा दृष्टांत माडगूळकरांच्या प्रतिभेचा कळस आहे असें म्हटलें होतें. दुसऱ्यांत, तो वाल्मीकींचा असल्यामुळें ही उचल आहे असें. दोघांनींही अयोध्याकांड उघडण्याची तसदी घेतली नाहीं. दृष्टांत वाल्मीकींचा आहेच. महाभारताच्या शांतिपर्वांतही तो आहे. पण वाल्मीकींच्या सर्गांत तो एकटा नाहीं. पिकलेलें फळ, खांब भक्कम असूनही जीर्ण होणारें घर, न परतणारी रात्र, समुद्राकडे जाणारी यमुना अशी उपमांची रांग लागते, आणि ओंडक्यांनंतर लगेच पत्नी, पुत्र, आप्त, धन अशी यादी येते. मूळांत ओंडके कांहीं काळानें दूर होतात. माडगूळकरांनीं काळाच्या जागीं एक लाट आणली आणि यादी गाळली. ‘काळ’ हा विचार आहे. लाट डोळ्यांना दिसते, आणि ती गातां येते. समोर दोन भाऊ उभे आहेत, त्यांची ताटातूट आतां होणार आहे, हें श्रोत्याला निराळें सांगावें लागत नाहीं. उचलीचा आरोप करणाऱ्यानें हा फरक पाहिला नाहीं, आणि प्रतिभेच्या भक्तानेंही पाहिला नाहीं. तो पाहण्यालाच जर विटंबना म्हणावयाचें असेल तर आम्ही ती करीतच राहूं.

याच गीतानें लोकांना दैववादी केलें अशीही एक तक्रार आहे. तिला उत्तर थोडक्यांत देतां येईल: बोलणारा राम आहे, राज्य नाकारून वनांत राहणारा. हातपाय गाळून बसलेला माणूस तो नव्हे.

राहिला प्रश्न फसलेल्या गीतांचा. युद्धाच्या भागांत संस्कृत समासांचा खणखणाट गीतावर मात करतो आणि राम-रावणांचें युद्ध वर्णिणारें गीत कानांत घुमतें पण मनांत उतरत नाहीं, असें आम्ही लिहिलें होतें. तें आजही लिहूं. शेवटच्या आधीचें, त्यागलेल्या सीतेचें गीत जवळजवळ घरगुती शब्दांत उभें आहे, आणि छपन्नांत त्याच्या तोडीचीं फार थोडीं आहेत. पहिलें वाक्य लिहिण्यास ज्यांची बंदी आहे त्यांना दुसऱ्या वाक्याची किंमत काय कळणार? सगळींच सारखीं थोर मानलीं तर सीतेच्या त्या गीतासाठीं निराळा शब्द कोठून आणावा?

पुढील अंकापासून आम्ही ‘रामजोशी’ (१९४७) या चित्रपटाचीं गीतें घेणार आहों. हें काम अधिक नाजूक आहे, कारण त्यांत पेशवाईंतल्या सोलापूरच्या त्या शाहिराची रचना आणि माडगूळकरांची रचना शेजारीं-शेजारीं आहे, आणि प्रेक्षकांनीं गेलीं पाऊणशें वर्षें ती एकमेकींत मिसळून ठेविली आहे. या बाबतींत ज्यांच्याजवळ जुनीं गीतपुस्तकें किंवा ध्वनिमुद्रिका असतील त्यांनीं अवश्य लिहावें. मुद्रिकेवर छापलेलीं नांवें जशींच्या तशीं उतरून पाठवावींत. रागवावयाचें असेल तर त्यासही मज्जाव नाहीं, मात्र गीत संपूर्ण वाचून रागवावें. कोंडलेल्या खोलीची कथा पुन्हा पाठवूं नये.