माळ्यावरचा स्टिरिओ

माळा आवरताना एखादे वेळी विस्मृतीत गेलेली वस्तू हाती लागते. पुढे रुपेरी पत्रा, त्यावर मोठ्या खुंट्या आणि बाजूंना लाकूड असलेला स्टिरिओ रिसीव्हर ही अशांपैकीच एक. १९७० नंतरच्या दशकात वडिलांनी वा काकांनी परदेशातून हौसेने आणलेला. रेडिओ व अँप्लिफायर या दोहोंचे काम ही एकच पेटी करते. धूळ झटकताच आपला हात सहज प्लगकडे जातो. वाचकहो, आज सांगावयाचे ते हेच की, तो हात आवरावा.

आमच्या एका स्नेह्यांनी तो आवरला नाही. वीस वर्षे मिटून पडलेला रिसीव्हर त्यांनी थेट विजेला जोडला. क्षणभर दिवे उजळले, घरघर झाली आणि जळका वास सुटला. रिसीव्हर तर गेलाच, शिवाय चांगले असलेले स्पीकरही निकामी झाले.

असे का होते? अशा यंत्रात अनेक इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर असतात. त्यांत अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर ऑक्साइडचा सूक्ष्म थर असतो व सोबत एक द्राव असतो. वर्षानुवर्षे वीज न मिळाल्यास तो थर दुबळा होतो आणि द्रावही सुकत जातो. अशा कंडेन्सरवर एकदम पूर्ण दाब आला की तो दगा देतो व आपल्याबरोबर ट्रान्झिस्टरही नेतो.

म्हणून प्रथम यंत्राच्या मागील बाजूस लिहिलेला विजेचा दाब वाचावा. आपल्याकडे तो २३० व्होल्ट, अमेरिकेत १२०, तर जपानात १०० असतो. यंत्र कमी दाबाचे असल्यास योग्य क्षमतेचा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर घेतल्यावाचून गत्यंतर नाही.

त्यानंतर, जाणत्या माणसाच्या देखत, यंत्राला वीज द्यावी ती सिरीज दिव्यातून. विजेच्या एका तारेत शंभर वॅटचा, जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब घातला की झाले. बल्ब प्रथम उजळून मग मंदावला तर चिन्ह शुभ समजावे. तो तसाच प्रखर जळत राहिला, तर आत कोठेतरी शॉर्ट आहे. तत्काळ वीज तोडावी. या वेळी स्पीकर जोडू नयेत. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते, हे ध्यानात ठेवून आत हात घालू नये.

नवा कंडेन्सर घालताना मायक्रोफॅरड तेवढेच असावेत. व्होल्ट तितके किंवा थोडे अधिक चालतील, कमी मात्र नकोत. धन व ऋण टोकांची अदलाबदल झाल्यास तो फुटतो. खुंटी फिरविताना खरखर होत असेल, तर बहुधा आत मळ बसलेला असतो. कॉन्टॅक्ट क्लीनर थोडासा फवारून खुंटी वीसपंचवीस वेळा फिरवावी. शिवणयंत्राचे तेल घालू नये; त्यावर धूळच बसते.

शेवटी स्पीकरच्या जोडणीपाशी मल्टिमीटरने डी.सी. व्होल्ट मोजावेत. पन्नास मिलिव्होल्टच्या आत असल्यास निर्धास्तपणे स्पीकर जोडावेत. तेथे काही व्होल्ट आढळले, तर स्पीकरची तार जळण्याचा धोका आहे. आमच्या स्नेह्यांनी हे एक मोजमाप केले असते, तर निदान स्पीकर तरी वाचले असते.

एक मोह मात्र टाळावा. रेडिओच्या भागातील लहान मळसूत्रे फिरवू नयेत. ती कारखान्यात उपकरणांच्या साहाय्याने बसविलेली असतात. तसेच खास जपानसाठी बनलेल्या यंत्रावर एफ.एम. पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झ एवढाच असतो. आपली बहुतेक केंद्रे त्याच्या पलीकडे असल्याने ती लागत नाहीत; हा बिघाड नव्हे.

सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, बंगळूरला एस.पी. रोडवर, चेन्नईत रिची स्ट्रीटवर व दिल्लीत लजपतराय मार्केटमध्ये मिळतात. त्या गल्ल्यांतून चौकशी केल्यास अशी यंत्रे हाताळलेला एखादा वृद्ध कारागीरही भेटू शकतो. काम त्याच्यावर सोपविले तरी आपण शेजारी बसावे व घरातील मुलांनाही बसवावे. पुढच्या वेळी माळा आवरताना प्लगकडे जाणारा हात आवरावयास घरात कोणीतरी असेल.