भोक बुजवायचं की ठेवायचं?

परवा एक मित्र जेवायला आला होता. कोपऱ्यातल्या बेस गिटारकडे बघून त्याने पहिला प्रश्न टाकला, "हिच्या पोटाला हे भोक कसलं रे?" आणि लगेच दुसरा, "एवढे पैसे घालून नवीन नसती आली?"

पहिल्याचं उत्तर एका वाक्यात झालं. दुसऱ्याचं देता देता चहा गार झाला, तरी ते पुरं झालं नाही. म्हणून हे लिहायला घेतलं. (मामा, तू हे वाचशील हे माहीत आहे. शेवटपर्यंत वाच, तुझा संबंध आहे.)

तर ही गिटार म्हणजे हेमन ४०-४०. सत्तरच्या दशकातली, इंग्लंडात बनलेली. हे नाव ऐकलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, इथल्याही बऱ्याच वादकांनी ऐकलेलं नसतं. फेंडर सगळ्यांना माहीत. पण ब्रिटनमध्ये बेस गिटारी बनत होत्या, आणि त्या का बनल्या ही गोष्ट मला गिटारींइतकीच आवडते.

महायुद्धानंतर ब्रिटनकडे डॉलरची चणचण होती. त्यामुळे पन्नासच्या दशकात अमेरिकन वाद्यांच्या आयातीवर बंदी होती, ती उठली १९५९ मध्ये. लिओ फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१ पासून अमेरिकेत मिळत होता, पण लंडनच्या पोराला तो फोटोतच बघायचा. बंदी उठल्यावरही किंमत परवडायची नाहीच. मग जे मिळेल त्यात भागवायचं. रोलिंग स्टोन्सच्या बिल वायमनने १९६१ मध्ये एक स्वस्तातला सेकंडहॅंड बेस घेतला, त्याचं अंग कापून लहान केलं, नवे बसवू म्हणून पट्ट्या उपटल्या, आणि आवाज आवडला म्हणून तसाच बिनपट्ट्यांचा वाजवत राहिला. हौस आणि कडकी एकत्र आली की असं काहीतरी होतं.

आपल्याला हे सांगायला नको. १९९१ च्या आधी आपल्याकडेही परदेशी वाद्य म्हणजे कुणाचा तरी नातेवाईक येणार असेल तरच. बाकीच्यांसाठी कोलकात्याची गिवसन होती, नावात एकच अक्षर बदललेली. तिच्यावर बोटं सोलवटून घेतलेली पिढी अजून आहे, मीही त्यातलाच. त्यामुळे जिम बर्न्स नावाच्या माणसाबद्दल वाचलं तेव्हा तो मला लगेच ओळखीचा वाटला. बाहेरचा माल येत नाही तर आपणच बनवू, आणि नुसती नक्कल न करता आपल्या डोक्याने बनवू, अशा जातीचा माणूस. त्याच्या बायसन बेसची शिंगं बघा एकदा, दुसऱ्या कुठल्या गिटारीशी गल्लत व्हायची नाही. १९६४ पासून शॅडोजसारखा त्या काळचा आघाडीचा बॅंड त्याच्या गिटारी वाजवू लागला. आणि १९६५ मध्ये कंपनी अमेरिकेच्या बाल्डविनला विकली गेली! पियानोवाले बाल्डविन. पाचेक वर्षांत त्यांनी ते सगळं गुंडाळलं.

पण कारागीर राहिले. बर्न्सकडचे जॅक गोल्डर आणि नॉर्मन हूल्डर यांनी शेरगोल्ड नावाने काम सुरू केलं. माझ्या हेमनचं लाकूडकाम त्यांचंच. आराखड्यात जिम बर्न्सचा हात, विकणारी कंपनी तिसरीच. १९७५ मध्ये ती विकणारी कंपनी बुडाली आणि हेमन संपली. मग शेरगोल्डने स्वतःच्या नावाने गिटारी काढल्या. जॉय डिव्हिजन आणि न्यू ऑर्डरच्या पीटर हुककडे होती ती सहा तारांची मॅरेथॉन त्यांचीच. तिकडे हाय विकममध्ये, जिथे पिढ्यान्‌पिढ्या खुर्च्या बनत आल्या, तिथे इयन वॉलर आणि पीट स्टीव्हन्स यांनी वाल बेस बनवले. वॉलर १९८८ मध्ये गेला, स्टीव्हन्स २०११ मध्ये. त्यांचे जुने बेस आज माझ्यासारख्याने दुकानाच्या काचेबाहेरून बघावेत अशा किमतीला जातात.

असो. मुद्द्यावर येतो.

माझी हेमन मला मिळाली तेव्हा तिची अवस्था दयनीय होती. मान वाकलेली, पट्ट्या झिजलेल्या, बटणं गायब. मूळ रंग कुणीतरी खरवडून काढलेला. आणि मधोमध ते भोक. या बेसला मुळात एकच पिकअप. कुणा जुन्या मालकाने दुसरा बसवायला लाकूड कोरलं, बहुतेक ऐंशीच्या दशकात, आणि पुढे तो पिकअपही काढून घेतला. राहिली ती खाच.

मी ती ज्यांच्याकडे दुरुस्तीला नेली ते गृहस्थ सत्तरीचे. त्यांनी दिवा लावून एक तास फक्त बघितलं. मग म्हणाले, दोन रस्ते आहेत. एक, भोकात लाकूड भरून, वर नवा रंग देऊन कारखान्यातून निघाली तशी करायची. कुणाला पत्ता लागणार नाही. दोन, वाजण्यासाठी जे लागतं तेवढंच करायचं, बाकी हात लावायचा नाही. पैसे पहिल्यात जास्त. पुढे विकायची असेल तर दिसण्याला भाव आहे, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

मी विचार करायला आठवडा मागितला. आणि त्या आठवड्यात मला माझीच जरा लाज वाटली. कारण मनातून मला पहिलाच रस्ता हवा होता! मला १९७२ ची गिटार हवी होती, पण १९७२ नंतरची पन्नास वर्षं वगळून. ज्या काळात मी नव्हतो, ज्या देशात माझं कुणी नव्हतं, तिथल्या आठवणी मला कोऱ्या करकरीत हव्या होत्या. हे स्मरणरंजनही नव्हे. आठवण तर माझी असायला हवी ना?

तेव्हा मला मिरज आठवली.

लहानपणी मामाबरोबर त्याचा तानपुरा घेऊन सतारमेकर गल्लीत जायचो. (आला बघ तुझा संबंध.) तारा घासून घासून घोडी झिजते, आवाजातला झंकार मरतो, मग जवारी काढून घ्यायची. कारागीर घोडीवर कानस फिरवायचा, तार छेडायचा, ऐकायचा, परत कानस. भोपळा तडकला असेल तर सांधायचा, खुंटी ढिली असेल तर बदलायची. आणि तो तानपुरा मामाच्या गुरुजींकडून आलेला. त्यात मूळचं किती उरलंय, हा प्रश्न त्या गल्लीत कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. प्रश्न एकच असायचा, बोलतोय का? २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला त्या कानशीचा आवाज पहिल्यांदा आठवला होता.

जुन्या वस्तूंच्या बाजारात मात्र उलटं आहे. तिथे जुना स्क्रू बदलला की किंमत उतरते. मूळ तारांचा डाख कुणी काढला नाही ना, हे भिंगातून बघतात. अशा गिटारी मग काचेत बसतात, कारण वाजवल्या तर झिजतील. मला हे पटत नाही. वाद्य न वाजवता सांभाळणं म्हणजे विहिरीला झाकण घालून पाणी वाचवल्यासारखं.

पण "जुनं ते सोनं" म्हणणाऱ्यांच्या पंक्तीतही मला बसायचं नाही. जुनं लाकूड म्हणून आवाज भारी, हे मला कधीच पुरतं पटलेलं नाही. साठच्या दशकातल्या ब्रिटिश बेसचा तो खणखणीत आवाज बऱ्याच अंशी तारांचा आहे. १९६६ मध्ये द हू बॅंडच्या जॉन एंटविसलने केंटमधल्या रोटोसाउंडवाल्यांबरोबर बसून आपल्याला हव्या तशा तारा बनवून घेतल्या. त्या तारा आजही मिळतात, कुठल्याही नव्या गिटारीवर चढवा. आणि हेही कबूल करतो की आजची मध्यम किमतीची बेस गिटार माझ्या हेमनपेक्षा हलकी, सुरात पक्की आणि कमी कटकटीची आहे.

मग ओढ कसली? माझ्यापुरतं उत्तर असं. ही गिटार उघडता येते. मागचे स्क्रू काढले की आत काय आहे ते माझ्यासारख्यालाही कळतं. एका चुंबकाभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, दोन-तीन बटणं, थोडा डाख. खरखर आली तर साफ करता येते, वेढे तुटले तर पुन्हा गुंडाळता येतात. ज्याने बनवली त्याने हे गृहीत धरलं होतं की पुढे कुणीतरी ही उघडेल. न पाहिलेल्या माणसावर ठेवलेला तो विश्वास आहे. माझ्या घरातली किती यंत्रं असा विश्वास ठेवतात? परवा बंद पडलेल्या स्पीकरला तर एक स्क्रूसुद्धा नव्हता.

आठवड्याने मी दुरुस्तीवाल्या काकांना दुसरा रस्ता सांगितला. त्यांनी मान सरळ केली, नव्या पट्ट्या बसवल्या, पिकअप पुन्हा गुंडाळला, खरवडलेल्या लाकडाला नुसतं तेल दिलं. भोकाच्या कडा घासून गुळगुळीत केल्या, म्हणजे हाताला लागू नयेत. भोक तसंच ठेवलं. गिटारीच्या किमतीच्या दीडपट दुरुस्तीला गेले. विकायला काढली तर निम्मे परत यायचे नाहीत. घरात हा आकडा मी जरा गोल करून सांगितला होता, तो आता इथे फुटला. :)

२०२४ च्या फेब्रुवारीत बातमी आली, पॉल मॅकार्टनीचा १९७२ मध्ये चोरीला गेलेला पहिला हॉफनर बेस सापडला. ती गिटार जर्मन, पण आयुष्य इंग्लंडात गेलेलं. इतकी वर्षं हरवलेली, मोडलेली. मला वाटलं, आता ही संग्रहालयात जाणार. पण ती दुरुस्त झाली आणि त्याच डिसेंबरात लंडनच्या स्टेजवर ब्याऐंशी वर्षांच्या त्या माणसाने ती गळ्यात अडकवून वाजवली. दोघंही जुने, दोघंही डागडुजी झालेले. ते बघताना मी उगाचच उभा राहिलो होतो.

काल रात्री हेमनची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली. सेकंदाला साधारण एकेचाळीस कंपनं, कानाआधी पोटाला कळतात. त्या भोकावर हात ठेवला तर तिथलं लाकूडही थरथरतं. ज्याने ते कोरलं त्याला काहीतरी वेगळा आवाज हवा होता. सापडला की नाही, कुणास ठाऊक. पण त्याने ही गिटार वाजवली होती, एवढं नक्की.

मामा, तुझ्या तानपुऱ्याची जवारी शेवटची कधी काढली होतीस? पुढच्या सुट्टीत येतोय. गल्लीत जाऊ.