नजर आकाशातून, माप जमिनीवरून

पाऊस कोठवर आला, हे पाथर्डीचा शेतकरी पूर्वी गर्भगिरीच्या डोंगरावरील ढगांवरून ताडत असे. आता त्याच्या जोडीला उपग्रहाने टिपलेले ढगांचे चित्र आले आहे. हा उपग्रह आपल्या डोक्यावरच असतो, असा समज मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे.

सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवरील उपग्रहाची प्रदक्षिणा पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेरीइतक्याच वेळात होते; म्हणून तो एका जागी टांगल्यासारखा दिसतो. पण ही सोय फक्त विषुववृत्ताच्या माथ्यावर आहे. पाथर्डीवर त्याने ठाण मांडायचे म्हटले, तर तो उत्तर-दक्षिण हेलकावे खाणारच. २०१६ साली सोडलेल्या ‘इन्सॅट-३डीआर’ला ७४ अंश पूर्व रेखांशावर जागा मिळाली. पाथर्डीचा रेखांश ७५ च्या आसपास. म्हणजे येथून जवळजवळ सरळ दक्षिणेला, मालदीवलगतच्या समुद्रावर ही जागा येते.

१९८३ च्या ‘इन्सॅट-१बी’पासून फेब्रुवारी २०२४ च्या ‘इन्सॅट-३डीएस’पर्यंत या मालिकेने देशाला ढगांची चित्रे दिली. चक्रीवादळांची वाट त्यामुळे आधी कळू लागली आणि किनाऱ्यावरची माणसे वाचली. हे ऋण मोठे आहे.

परंतु उपग्रहाला दिसतो तो ढगाचा माथा. माथा किती थंड, यावरून पावसाचा अंदाज बांधायचा. या उपग्रहांच्या नेहमीच्या अवरक्त चित्रातला एक ठिपका सुमारे चार किलोमीटरचा असतो. आमच्याकडे तर बांधाच्या अलीकडे चिखल आणि पलीकडे फुफाटा, अशी पावसाची तऱ्हा!

येथे प्रश्न शास्त्राचा राहत नाही, कारभाराचा होतो. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, की अतिवृष्टी मानली जाते. पीकविम्याचा हिशेबही बहुतेक मंडळावरच चालतो. मापक एका गावात आणि वाड्या डोंगराच्या दोन्ही अंगांना. मापकाच्या गावी सर कोसळली, की कोरडी वाडीही कागदावर भिजते; तेथे उघडीप असली, की वाहून गेलेले शेत कागदावर कोरडे राहते. ज्याच्या पदरी हे माप पडते, त्याला दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन साखर कारखान्याची वाट धरावी लागते.

ग्रामपंचायतीपर्यंत पर्जन्यमापक नेण्याचा संकल्प केंद्राने २०२३ साली ‘विंड्स’ या योजनेत केला. उपग्रहाच्या खर्चापुढे हे उपकरण किरकोळ आहे. माझे मागणे इतकेच, की पाथर्डीसारख्या पर्जन्यछायेतील तालुक्यांना त्यात पहिला मान मिळावा आणि रोजचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिला जावा. पुण्या-मुंबईला पोहोचण्याआधी तो गावाने वाचलेला असला, म्हणजे चुकीला तेथल्या तेथे हरकत घेता येईल. उपग्रहाचा अंदाज कितपत खरा, हे पारखायलाही अखेर हेच जमिनीवरचे माप लागते.