फुंकर आणि गज

दिवाळीच्या पहाटे सनईचा सूर कानी पडला नाही, तर अभ्यंगस्नान अंगी लागत नाही, असे मानणाऱ्यांपैकी मी एक. तेव्हा या सनईलाच व्हायोलिनच्या घरी नांदायला नेण्याचा उद्योग आम्ही चिंचवडच्या तिघा हौशी मंडळींनी मांडला आहे, हे ऐकून कोणी नाक मुरडले, तर मी रागावणार नाही. आमच्यातला एक चाकणच्या कारखान्यात जातो. त्याची पहिली पाळी असली की संध्याकाळी यमन, दुसरी असली की सकाळी भैरव!

सनईच्या ताफ्यात एक मुख्य वादक, दुसरा त्याची साथ करणारा आणि तिसरा नुसता सूर धरणारा. हा तिसरा गालांतली हवा फुंकत असतानाच नाकाने श्वास घेतो, म्हणून सूर तुटत नाही. त्याचे काम आम्ही व्हायोलाला दिले. पहिल्या दोघांचे दोन व्हायोलिनना.

मींड सहज उतरते. सनईवर बोट भोकावरून हळूहळू सरकते, व्हायोलिनला पडदे नसल्यामुळे तारेवरून. अडते ते श्वासापाशी. मुख्य वादकाचा दम संपतो, तिथे स्वरवाक्य विसावते. गजाला कुठला दम? तो उलटसुलट फिरतच राहतो, आणि गाणे धावून धावून थकते. म्हणून स्वरलिपीत आम्ही श्वासाच्या जागी खुणा केल्या. तिथे गज उचलायचाच.

असे स्थलांतर नवे नाही. ओबो ही सनईची विलायती बहीण. दोघींनाही दुहेरी पत्ती. दोन ओबो आणि इंग्लिश हॉर्न यांच्यासाठी बेथोव्हेनने लिहिलेली, १८०६ साली छापली गेलेली रचना दोन व्हायोलिन आणि व्हायोलावरही वाजते. आपल्याकडे बिस्मिल्ला खाँ आणि वि. गो. जोग यांची जुगलबंदी ऐकावी. एकाच रागात फुंकर फुंकरच राहते आणि गज गजच.

आमची तालीम ऐकून शेजारच्या आजींनी मात्र रोकडा सवाल टाकला, "अहो, सनईवाले काय संपले?"

प्रश्न वर्मी लागला. कार्यालयांतून सनई आता बहुधा कर्ण्यातूनच वाजते. त्यात आमची भर कशाला? म्हणून सोसायटीच्या वर्गणीतून पहिली बिदागी सनईच्या ताफ्याला द्यायची, असे ठरले. पाडव्याला आधी ते वाजवतील, मग आम्ही. मूळ श्वास ऐकल्यावाचून आमचा गज मध्येच का थांबतो, हे कोणाला कळणार?