विकण्याआधी माळा झाडा

बेळगावजवळच्या कडोलीसारख्या गावात भंगारवाल्याची हाळी आली की जुन्या वस्तूंचा निकाल किलोवर लागतो. त्यात पहिला नंबर गोठ्यातल्या, हातानं फिरवायच्या कडबा कापणी यंत्राचा. खरं तर ही आपल्याच भागातली वस्तू. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढे इथंच कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर बनवले आणि १९१० मध्ये कारखाना कुंडलच्या माळावर, आजच्या किर्लोस्करवाडीला नेला. अशा यंत्राचं बिडाचं चाक हाती लागलं, तर हातोडा लांबच ठेवा. बीड वाकत नाही, थेट तडकतं. गंजावर रॉकेल लावून रात्रभर राहू द्या, सकाळी तारेच्या ब्रशनं घासा आणि ओतीव अक्षरं वाचता येऊ लागली की थांबा. वर तेलाचा पातळ हात पुरे. तुटका भाग नव्यानं ओतून घ्यायचा तर बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्र्या आहेतच. माळ्यावरच्या पितळी पातेल्याचं गणित वेगळं. नुसतं चकाकवायचं तर चिंच-मिठावर भागतं. पण त्यात आमटी करायची तर आधी कल्हई हवी, नाहीतर आमटी कळकलीच म्हणून समजा. तापल्या भांड्यात नवसागराचा पांढरा धूर उठतो, कथील फिरतं आणि काळवंडलेला तळ बघता बघता चांदीसारखा होतो. शहरातून महागडं ‘अँटिक’ आणणाऱ्यांनी आधी स्वतःचा माळा झाडावा आणि सापडेल ते दिवाणखान्यात मिरवण्याऐवजी रोजच्या वापरात आणावं.